दुसऱ्या बाजूचा खालचा सूर

तिला कारखान्यात सगळे सुई म्हणायचे. अंगानं बारीक म्हणून नव्हे. अंगानं ती तेव्हाही चांगली भरलेली होती. सुई म्हणायचे ते तिच्या कानामुळे. तबकडी फिरायला लागली की ती डोळे मिटायची, आणि खाचेत केसाएवढा ओरखडा असला तरी तो तिला टोचायचा. मग ती असं काही तोंड करायची की दाबयंत्रावरचे दांडगे गडीसुद्धा एकमेकांकडे चोरून बघायचे, आज कोणाची पाळी म्हणून.

मी त्याच कारखान्यात तबकड्यांची पाकिटं चिकटवायचो. हात कामात आणि तोंड मोकळं, असं ते काम. कोणाचं कोणाशी बिनसलंय, मालकाच्या मेहुण्याला चहा कोण नेऊन देतं, सगळं आधी माझ्या टेबलावर यायचं आणि थोडं तिखटमीठ लागून पुढे जायचं. सुईचं लग्न ठरल्याची बातमीही मीच फोडली. नवरा आमच्याच कारखान्यातला, कोरणारा. टेपवरचं गाणं एका मऊ चकतीवर खाचा पाडून कोरायचं, चकतीवरून साचे, साच्यांवरून तबकड्या. म्हणजे सगळ्याची सुरुवात त्याच्या हातून. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. माणूस इतका अबोल की यानं लग्नाची गोष्ट काढली तरी कशी, हा आठवडाभर वादाचा विषय होता. मी सांगून टाकलं, मास्तरांनी तबकडीवर कोरून पाठवलं, तिनं ऐकलं आणि 'हं' म्हणाली. ही थाप इतकी फिरली की दोन वर्षांनी मालकाच्या मेहुण्यानं ती मलाच खरी म्हणून सांगितली.

त्यातलं 'हं' मात्र खरं होतं. आमच्याकडची पद्धतच तशी. मास्तरांनी कोरलं की आधी नमुन्याची एक तबकडी निघायची आणि सुईच्या खोलीत जायची. तिथं ती एकदा मूळ टेप ऐकायची, एकदा तबकडी. 'हं' म्हणाली की यंत्रं सुरू. 'अंहं' म्हणाली की मास्तर पुन्हा कोरायला. तिच्या शब्दापुढे मालकाचं चालायचं नाही, तिथं नवऱ्याची काय कथा! "निदान घरी तरी तुमचं चालतं का हो?" मी विचारायचो. मास्तर कपातला चहा संपवायचे, एवढंच.

तिची खोली पहिल्या मजल्यावर होती. जाड भिंती, खिडकी नाही, आतून सगळीकडे लोकरीचा जाड नमदा ठोकलेला. जमीन कायम कोमट. थंडीच्या दिवसांत जो तो काहीतरी निमित्त काढून तिथं घुसायचा, आणि ती हाकलायची, "श्वास घ्यायचा तर बाहेर जाऊन घ्या."

अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या खोलीत वायरवाला आला. हे नाव मी दिलेलं. तरणा पोरगेलासा माणूस, गळ्यात वायरींची वेटोळी, खिशातून वायरी लोंबताहेत. त्याचा पहिला अल्बम आमच्याकडे दाबायला आला होता. त्यात गाणारं कोणी नाही, वाजवणारं कोणी नाही. सगळे आवाज त्याच्या यंत्रांनी काढलेले. पहिल्या बाजूवर सहा तुकडे. ते ऐकून मला आमच्या इमारतीचा पाण्याचा पंप आठवला, आणि हे मी त्याला सांगितलंसुद्धा. तो खूश झाला! दुसऱ्या बाजूवर मात्र एकच लांबलचक तुकडा, वीस मिनिटांचा. त्याच्या तळाशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच खोल सूर धरलेला. वरचे बारीक आवाज त्या सुरावर येऊन बसायचे आणि उडून जायचे. "तो सूर म्हणजे जमीन आहे," वायरवाला सुईला म्हणाला. "तो गेला तर सगळंच पडलं."

नमुन्याची तबकडी निघाली, तेव्हा मास्तर ती घेऊन स्वतः वर गेले. हे कधी होत नसे. मी पाकिटाचा रंग दाखवायला तिथं उभा होतो, म्हणून माझ्या कानांनी ऐकलेलं सांगतो.

"दुसरी बाजू खाली जरा पोकळ वाटतेय," मास्तर म्हणाले. "पुन्हा कोरू का?"

सुईनं टेप ऐकली, तबकडी ऐकली. "काही पोकळ नाही. आहे की सूर. भरपूर आहे."

"माझ्या खोलीत नव्हता."

"तुमच्या खोलीत त्या डबड्याएवढ्या स्पीकरवर काय ऐकू येणार? हं."

मास्तर खाली गेले. मग वायरवाल्याला बोलावलं. तोही तिच्याच खोलीत, तिच्याच खुर्चीत बसून ऐकत होता. बाजू संपली तेव्हा त्याचे डोळे भरले होते. त्यानं सही केली आणि यंत्रं सुरू झाली.

तीन आठवड्यांनी तो कारखान्यात आला तो ओरडतच. तबकडीत खालचा सूर नाही म्हणाला. सुईनं शांतपणे त्याचीच तबकडी त्याच्या हातून घेतली, वर नेली, लावली. सूर होता. वायरवाल्यानं स्वतः ऐकला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. चार दिवसांनी पुन्हा आला. घरी नाही म्हणाला, मित्राच्या घरी नाही म्हणाला. पुन्हा वर नेऊन लावली, सूर होता. तिसऱ्या खेपेला तो जिन्यातूनच परत गेला. खाली माझ्या टेबलापाशी येऊन हळू आवाजात विचारतो, "माझ्यात काही बिघडलंय असं वाटतं का हो तुम्हाला?" आणि मी, जिभेला हाड नसलेला माणूस, म्हणालो, "बिघडलेलं ऐकूनच तर आम्ही पाकिटं चिकटवतोय." सगळे हसले. तो हसला नाही.

मग त्यानं एका मासिकात पत्र लिहिलं, की कारखान्यानं मला दाखवायला एक तबकडी ठेवली आणि विकायला दुसरी. बोंब झाली. मालकाला कोणाचं तरी डोकं उडवायचं होतं आणि सुईच्या कानावर तर कारखान्याची अब्रू. उरले मास्तर. त्यांना कोरण्याच्या यंत्रावरून काढलं आणि भुकटीखान्यात टाकलं. बिघडलेल्या तबकड्या तिथं दळायला यायच्या. बोलायची सवय नव्हतीच; तिथल्या धुरळ्यानं खोकायची लागली. सहा वर्षांत गेले. सुई कारखाना बंद पडेपर्यंत 'हं' आणि 'अंहं' म्हणत राहिली. त्या अल्बमचा विषय निघाला की म्हणायची, "त्या पोरानं आमच्या ह्यांचा घास घेतला." तिला खात्री होती. का नसावी? तिनं स्वतः ऐकलं होतं.

एक गोष्ट सांगायची राहिली. तिच्या घरी तबकडी वाजवायचं यंत्रच नव्हतं. "दिवसभर तेच आणि घरी पुन्हा तेच?" म्हणायची. म्हणजे तिनं उभ्या जन्मात जी तबकडी ऐकली ती त्या एका खोलीत.

आता या अल्बमचं झालं काय, तर विकला गेला नाही आणि विसरलाही गेला नाही. शे-दोनशे लोकांनी तो उराशी धरला. लोक कसे असतात बघा. त्यांना जे नव्हतं तेच आवडलं. खाली आधार नाही, सगळं अधांतरी लोंबतंय, यातच म्हणे कला आहे. एका शेंडीवाल्या गृहस्थानं या पोकळीवर चाळीस पानं लिहिली. पहिल्या छापेची तबकडी दाबलेली मात्र अशी नितळ, की खरखर नाही, कुरकुर नाही. तेव्हा 'दाब उत्तम, संगीत भुताटकीचं' असं त्यांचं वर्षानुवर्षांचं मत.

आणि गेल्या वर्षी कोणाच्या तरी पोटमाळ्यावर मूळ टेप सापडली. तीवरून नवी तबकडी काढायचं ठरलं, सोबत एक पुस्तिका. हे सगळं जमवून आणत होता जुन्या तबकड्यांचा एक दुकानदार. गोड बोलणारा, नम्र, दाढी विंचरलेला. त्यानं एका रविवारी दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन पंधरा-वीस श्रोते जमवले: जुनी आणि नवी शेजारी शेजारी ऐकायची आणि अल्बमचं मोल नव्यानं ठरवायचं. कारखान्यातलं कोणी हवं म्हणून सुईला बोलावलं. ती एकटी जाईना, म्हणून मी. मास्तरांचा मित्र म्हणून ती मला भावजी म्हणते आणि मी तिला वहिनी.

तिला पुढची खुर्ची दिली. "इतकी शांत छाप आम्ही दुसरी पाहिली नाही," दुकानदार म्हणाला. वहिनींनी पदर सारखा केला. खूश होत्या, मी ओळखतो.

आधी नवी लावली, दुसरी बाजू. तळाशी तो सूर आला आणि दुकानातले फळीवरचे कप हलके थरथरले. वहिनी डोळे मिटून मान डोलावत होत्या. "हेच," माझ्या कानाशी म्हणाल्या. "अगदी हेच." मागे शेंडीवाला तोंडावर हात धरून बसला होता, चाळीस पानं त्याच्या डोळ्यांपुढे वाहून जात असावीत.

मग जुनी लावली.

वरचे बारीक आवाज आले. ते बसायला जागा शोधत होते आणि खाली काहीच नव्हतं. वहिनींनी डोळे उघडले.

"ही दुसरी कुठली लावलीत. आमची लावा."

"आपलीच आहे, बाई." दुकानदारानं तबकडी काढून त्यांच्या हातात दिली. मधल्या कागदाच्या आणि शेवटच्या खाचेच्या मध्ये जी कोरी कड असते, तिथं कोरणारे आपल्या नावाची अक्षरं बारीक टोकानं ओढतात. वहिनींनी तिथं अंगठा फिरवला. मास्तरांची दोन अक्षरं होती.

"यांच्यामुळेच," दुकानदार हळहळून म्हणाला. त्या पंधरा-वीस जणांना ती अक्षरं मास्तरांची हे माहीत होतं. मास्तरांची बायकोच समोर बसलीय हे माहीत नव्हतं. "यांनी काम लवकर उरकायला खालचा सूर छाटला, आणि दाखवायला वेगळी तबकडी ठेवली. कलाकाराचं जुनं पत्र आहे आमच्याकडे. पुस्तिकेत सगळं येतंय."

वहिनींनी तबकडी मांडीवर ठेवली. मग माझ्याकडे वळल्या. "भावजी, माझ्या खोलीच्या खाली काय होतं?"

"बॉयलर," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता मलाही उमगलं.

दाबयंत्रं वाफेवर चालायची. कामाचे तास म्हणजे बॉयलर सुरू, आणि ऐकायचं ते कामाच्या तासातच. त्याची घरघर त्या जमिनीतून दिवसभर वर यायची आणि आम्हा कोणाला ऐकूच यायची नाही, आपल्या नाकाचं टोक आपल्याला दिसत नाही तशी. वायरवाल्याचा सूर नेमका त्या घरघरीच्या सुरात. तबकडीत जे नव्हतं ते बॉयलर वाजवत होता. सुईनं ऐकलं ते बॉयलरला. वायरवाला रडला तो बॉयलरवर.

वहिनींनी हे सगळं उभं राहून सांगितलं. न अडखळता. 'मी त्यांची बायको,' हेही सांगितलं. "त्यांना शंका आली होती. मी गप्प केलं. चुकलं ते माझं. पुस्तिकेत माझं नाव घाला."

आणि मग त्या दाढीवाल्याच्या चेहऱ्यावर जी माया आली ना, ती बघून मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. "बाई," तो म्हणाला, "त्यांच्यावर तुमचा किती जीव आहे हे आम्हाला कळतं."

"जिवाचं नाही हो! बॉयलरचं सांगतेय मी!"

"हिच्यात सूर नाही हे आत्ता एकोणीस जणांनी ऐकलं, बाई. आणि बॉयलर नेमका त्याच सुरात? असा योगायोग..." शेंडीवाला पुटपुटला.

मग मला राहवलं नाही. मी उठलो आणि जे बावीस वर्षं पोटात होतं ते बाहेर काढलं. माझ्या पोटात काही राहत नाही असा लौकिक आहे. ही एकच गोष्ट राहिली होती. मास्तर जायच्या आदल्या वर्षी माझ्या घरी आले होते. माझ्याकडे यंत्र होतं. त्यांनी पिशवीतून ती तबकडी काढली, दुसरी बाजू लावली, पाच मिनिटं ऐकली आणि यंत्राची सुई उचलली. "आधीच्या कामाला खालचे आवाज कापायचं बटण दाबलं होतं," म्हणाले. "ते तसंच राहिलं असणार." मी म्हणालो, मग वहिनींनी कसं ऐकलं? ते खोकत राहिले. दारात चपला घालताना एवढंच म्हणाले, "तिला बोलू नकोस. तिला उद्या पुन्हा तिथं ऐकायला बसायचंय."

हे मी सांगितलं आणि श्रोत्यांत जुना एक गृहस्थ होता, मालकाच्या मेहुण्याचा शेजारी, तो खो खो हसला. "अहो, हा तोच! नवऱ्यानं तबकडीवर कोरून लग्नाची मागणी घातली, ती थाप याचीच!" सगळे हसले. चांगल्या मनानं हसले. वहिनी तेवढ्या हसत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेसमोर मी खाली बसलो.

घरी जाताना वाटेत वहिनींनी एवढंच विचारलं, "त्यांना माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्हालाही."

पुढचे चार चौक त्या माझ्या चार पावलं पुढे चालल्या.

दुकानदारानं एक सभ्यपणाची गोष्ट केली होती. म्हणाला होता, कलाकारानं स्वतः लिहून दिलं तर मी मजकूर बदलतो. पत्ताही दिला. आम्ही दोघं सोडलो तर त्या खोलीत ज्यानं तो सूर ऐकला असा जिवंत माणूस आता एकच होता. आठवड्याभरात आम्ही त्याच्या दारात उभे होतो.

वायरवाला म्हातारा दिसत होता, आमच्याहून म्हातारा. त्या अल्बमनंतर त्यानं पुन्हा काही केलं नव्हतं. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. टेबलावर लिफ्टच्या बटणांची एक पाटी उघडून ठेवलेली. नवी तबकडी त्याला पाठवली होती, ती प्लास्टिकसकट भिंतीला टेकून उभी. त्यानं आम्हाला बसवलं आणि वहिनींचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच बोलला, "कोमट जमीन," आणि मान हलवली. म्हणजे त्याला पटलं होतं. जगात तो एकटाच, ज्याला पटलं.

"मग लिहून द्याल?" वहिनींनी विचारलं. "माझं नाव घाला, काय हव्या त्या शिव्या घाला. यांचं काढा."

तो बराच वेळ पाटीवरची बटणं दाबत राहिला. "बाई, मी कानाच्या डॉक्टरकडे गेलो होतो. मग डोक्याच्या. तुमच्या कारखान्यात सूर आहे, माझ्या घरात नाही. डॉक्टर म्हणाला, तुम्हाला आवाज होतात. गोळ्या दिल्या. आठ महिने. मग एक दिवस मी ठरवलं, मला काही झालेलं नाही, एका माणसानं मला फसवलं. त्या दिवसापासून जेवायला लागलो."

"पण तसं नव्हतं ना."

"तुम्ही मला आता त्या माणसाच्या जागी बॉयलर देताय." तो आवाज चढवत नव्हता. "बॉयलरवर मी काय रागावू? आणि चिडायला कोणी नसेल, तर मग मी एवढी वर्षं लिफ्ट का दुरुस्त केल्या?"

"ते मेलेत हो," वहिनी म्हणाल्या. "त्या भुकटीनं मेले."

"म्हणूनच म्हणतो. त्यांना आता काय लागणार? मला लागतं." तो उठला आणि दार उघडून उभा राहिला. पायरी उतरताना वहिनींचा तोल गेला तर त्यानं पटकन हात धरला, सावरलं, आणि मग दार लावून घेतलं.

तीन आठवड्यांनी त्याच दुकानात पुस्तिकेचं प्रकाशन झालं. वहिनींना पुन्हा पुढची खुर्ची. मी म्हणालो होतो, जायला नको. म्हणाल्या, "मी नाही गेले तर तिथं त्यांच्या बाजूनं कोण?" या खेपेला शंभरेक माणसं होती. दुकानदारानं अकरावं पान वाचलं. कोरणाऱ्याचं नाव, दोन अक्षरं, छाटलेला सूर, दाखवायची तबकडी आणि विकायची तबकडी. खाली त्यानं प्रेमानं एक परिच्छेद वाढवला होता: या कारागिराच्या पत्नीनं अखेरपर्यंत सारा दोष स्वतःच्या अंगावर घेतला.

वहिनी उभ्या राहिल्या. "हे खोटं आहे," त्या म्हणाल्या. आवाज लहान पण स्वच्छ, शेवटच्या रांगेत पोचला. "त्यांनी विचारलं होतं. मी नीट ऐकलं नाही."

मग शेंडीवाल्यानं टाळी वाजवली. त्याच्या शेजारणीनं वाजवली. मग सगळं दुकान. काही जण उभे राहिले, एक बाई डोळे पुसत होती. वहिनी मान हलवत होत्या, हातानं नाही नाही म्हणत होत्या, आणि जितकं नाही म्हणावं तितक्या टाळ्या वाढत होत्या. एकदा त्यांनी तोंड उघडलं, पण त्या गडगडाटात काही ऐकू आलं नाही. मी अगदी शेजारी होतो, मलाही नाही. टाळ्या थांबेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग बसल्या, आणि दुकानदारानं नव्या तबकडीची दुसरी बाजू लावली.